कळप कोणाचा? : ख्रिस्ती श्रद्धेतील मेंढपाळाची प्रतिमा



ख्रिस्ती माणसाला, मग तो कोणत्याही पंथाचा असो, मेंढपाळाची ओळख करून द्यावी लागत नाही. रविवारच्या शाळेतल्या चित्रात तो भेटतो, गीतपुस्तकात भेटतो, आणि अंत्यविधीच्या वेळी तेविसावे स्तोत्र वाचले जाते तेव्हाही भेटतो. कॅथलिक पंचांगात पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार त्याच्याच नावाने पाळला जातो. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मसेवकाला पाळक म्हणण्याची रीत आहे. इतक्या सरावामुळे ही प्रतिमा आपल्या मनात फार मऊ झाली आहे. शुभ्र झगा, कुशीत कोकरू, मागे हिरवे कुरण असे एक चित्र डोळ्यांसमोर येते आणि आपण तिथेच थांबतो. त्या चित्रात दिलासा आहे आणि तो खोटा नाही. पण पवित्र शास्त्रात ही प्रतिमा जिथे जिथे खऱ्या जोराने येते, तिथे तिचा रोख मेंढरांपेक्षा मेंढपाळावर अधिक असतो. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. मेंढपाळाची प्रतिमा ही मुळात सत्तेकडे हिशेब मागणारी प्रतिमा आहे, आणि तिच्यातला दिलासा त्या हिशेबावरच उभा आहे. हिशेब काढून टाकला तर दिलासाही फार काळ टिकत नाही.

ही प्रतिमा इस्राएलाने घडवलेली नाही, त्याला ती आयती मिळाली. इसवी सनापूर्वीच्या अठराव्या शतकात बाबेलवर राज्य करणाऱ्या हम्मुराबीने आपले कायदे काळ्या शिळास्तंभावर कोरून घेतले. तो स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या प्रस्तावनेत राजा स्वतःला देवांनी नेमलेला मेंढपाळ म्हणवतो. इजिप्तच्या फारोंच्या मूर्तींत छातीशी धरलेल्या राजचिन्हांपैकी एक आकडीची काठी आहे. ग्रीकांकडे होमरच्या महाकाव्यात आगामेम्नॉनला लोकांचा मेंढपाळ हे बिरुद लागते. या सर्व ठिकाणी बिरुद वरून खाली येते. राजा ते स्वतः मिरवतो, नाहीतर त्याचा कवी ते त्याला बहाल करतो. हम्मुराबीचा दावा पोकळ होता असे मी म्हणत नाही. बळकटाने दुबळ्याला छळू नये हे उद्दिष्ट त्याने स्पष्ट लिहून ठेवले, आणि त्या काळाच्या मानाने ती मोठी गोष्ट होती. पण त्या उद्दिष्टात खुद्द हम्मुराबी कमी पडला तर त्याला जाब विचारणारा आवाज त्या शिळेवर कुठेही ऐकू येत नाही.

इस्राएलाच्या ग्रंथांत हा आवाज आला, आणि तो प्रत्यक्ष धंद्याच्या ज्ञानातून आला. जुन्या करारातले तीन मोठे मेंढपाळ पाहा. याकोब मामाची मेंढरे राखत होता, मोशे सासऱ्याची, दावीद बापाची. तिघांपैकी एकाचाही तो कळप स्वतःचा नव्हता. मेंढरे राखणे म्हणजे बहुधा दुसऱ्याचे धन सांभाळणे, हे त्या समाजाला पक्के ठाऊक होते आणि त्याचे नियमही ठरलेले होते. निर्गम या पुस्तकातल्या नियमशास्त्रानुसार राखायला दिलेले जनावर हिंस्र पशूने फाडले, तर राखणाऱ्याने त्याचे उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणायचे. ते आणले तर त्याला भरपाई माफ. तकोवा गावचा आमोस स्वतः याच धंद्यातला होता. मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून मेंढराच्या दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, हा दाखला त्याने दिला तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यातला व्यवहार नेमका कळला असणार. तो कानाचा तुकडा म्हणजे धन्यापुढे ठेवायचा हिशेब. याकोबाची त्या मामाशी, लाबानाशी, जुंपते तेव्हा तो वीस वर्षांचा असाच हिशेब मांडतो. दिवसा उन्हाने होरपळलो, रात्री थंडीने गारठलो, फाडलेल्या जनावराचे नुकसान मी स्वतः सोसले, असे तो सांगतो. अशा माणसांच्या तोंडी मेंढपाळ हा शब्द वैभवाचा राहणे शक्यच नव्हते. त्याला जबाबदारीचा वास होता, आणि त्या जबाबदारीच्या पलीकडे धनी उभा होता.

म्हणून राजाला मेंढपाळ म्हणायचे ठरले की इस्राएलात लगेच पुढचा प्रश्न येतो, धनी कोण? दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्या श्रीमंताकडे जनावरांची कमी नव्हती, पण पाहुण्याच्या जेवणासाठी त्याने गरिबाचे एकुलते एक कोकरू ओढून नेले. एकेकाळी मेंढरे राखलेला राजा ते ऐकून संतापतो आणि शिक्षा सुनावतो, ती त्याच्याच गळ्यात पडते. परंपरेने याच दावीदाच्या नावावर सांगितलेले तेविसावे स्तोत्र या पार्श्वभूमीवर वाचावे. त्यात बोलणारा मेंढपाळ नाही, मेंढरू आहे. शेजारच्या राज्यांतले राजे मेंढपाळ म्हणून मिरवत होते, तेव्हा इस्राएलाने आपल्या सर्वांत थोर राजाला कळपात नेऊन उभे केले आणि काठी परमेश्वराच्या हाती दिली. स्तोत्राच्या रचनेतही एक लक्षणीय वळण आहे. हिरवळ आणि संथ पाणी यांच्याविषयी बोलताना गाणारा परमेश्वराचा उल्लेख तो असा करतो. अंधाऱ्या दरीत उतरताच तो त्याला तू म्हणू लागतो. भय दाटते तेव्हा नाते जवळचे होते. इतका विश्वास टाकता येतो, कारण गाणाऱ्याला आपला धनी कोण हे माहीत आहे.

या विचाराचे सर्वांत धारदार रूप यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. यहेज्केल बाबेलात नेलेल्या बंदिवानांमध्ये राहत होता. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास यरुशलेम पडले. नगर पडल्याची बातमी घेऊन पळून आलेला माणूस त्याच्याकडे पोहोचतो, हे तेहतिसाव्या अध्यायात येते. पाठोपाठ चौतिसावा अध्याय येतो आणि तो सरळ आरोपपत्रासारखा आहे. तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, धष्टपुष्ट जनावरे कापली. दुबळ्यांना बळ दिले नाही, आजाऱ्यांना बरे केले नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, भरकटलेल्यांना परत आणले नाही, हरवलेल्यांना शोधले नाही. प्रत्येक कलम मेंढपाळाच्या रोजच्या कामातून उचललेले आहे, आणि प्रत्येक कलमात काय केले नाही याची नोंद आहे. शेवटी परमेश्वर म्हणतो की मी कळप त्यांच्या हातून काढून घेईन आणि स्वतः मेंढरांचा शोध घेईन. सबंध अध्यायभर कळपाला माझा कळप म्हटले आहे, आणि आरोपाचा सारा भार त्या एका संबंधावर आहे. कळप राजांचा असता तर त्यांनी तो कसाही वापरला असता आणि विचारणारे कोणी नसते. बंदिवासात पिचलेल्या माणसांना या अध्यायातून दिलासा मिळाला तो याच मार्गाने. राखणदार नापास झाले तरी धन्याचा हक्क संपलेला नव्हता.

येशूच्या तोंडी मेंढपाळ येतो तेव्हा हा वाद जिवंत आहे. लूकच्या शुभवर्तमानात हरवलेल्या मेंढराचा दाखला कोणत्या प्रसंगी सांगितला ते पाहिले पाहिजे. जकातदार आणि पापी म्हणून ओवाळून टाकलेली माणसे येशूजवळ येत होती, तो त्यांच्या पंगतीला बसत होता, आणि परुशी व शास्त्री कुरकुर करत होते. दाखला त्या कुरकुरीला दिलेले उत्तर आहे. तुमच्यापैकी कोण असा आहे, या सुरात तो सुरू होतो, म्हणजे ऐकणाऱ्या धर्मपुढाऱ्यांनाच मेंढपाळाच्या जागी उभे करून विचारतो की नव्याण्णव मागे ठेवून हरवलेले एक शोधायला तुम्ही का गेला नाहीत? योहानाच्या दहाव्या अध्यायाचे तर याहून स्पष्ट आहे. अध्यायांचे आकडे मागाहून घातले गेले आणि त्यामुळे आपण दहावा अध्याय नवव्यापासून तोडून वाचतो. नवव्यात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस बरा होतो. धर्मपुढारी त्याची उलटतपासणी घेतात, त्याच्या आईबापांना बोलावतात. आईबाप सभास्थानातून काढले जाण्याच्या भीतीने अंग काढून घेतात. तो माणूस मात्र घडले ते सांगायचे सोडत नाही आणि शेवटी त्याला हाकलून देतात. येशू हे ऐकतो, त्याला शोधून काढतो, आणि त्यानंतरच मेंढवाडा, दार, चोर, मोलकरी व उत्तम मेंढपाळ यांविषयी बोलतो. म्हणजे उत्तम मेंढपाळाचे ते प्रसिद्ध प्रवचन एका बहिष्कृत माणसाच्या संदर्भात दिलेले आहे. ज्यांनी त्याला बाहेर काढले तेच समोर बसून ते ऐकत होते.

पुढे हेच काम शिष्यांवर येते तेव्हा मालकी त्यांच्याकडे जात नाही. तिबिर्य सरोवराच्या काठी पेत्राला तीन वेळा प्रीतीबद्दल विचारले जाते आणि तीन वेळा कळप सोपवला जातो. तिन्ही वेळा सांगणारा मेंढरांना माझी म्हणतो. कोळशांच्या शेकोटीशी येशूला तीन वेळा नाकारणारा पेत्र आता पुन्हा कोळशांच्याच शेकोटीपाशी हा भार घेतो, आणि लगोलग त्याला त्याच्या मरणाची सूचना मिळते. अधिकारासोबत कुठलाही मान त्याच्या पदरात पडत नाही. पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात वडीलजनांना ताकीद आहे की कळपावर धनीपण गाजवू नका, पैशाच्या लोभाने काम करू नका, कारण मुख्य मेंढपाळ अजून यायचा आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकात यहेज्केलाच्या याच अध्यायावर मोठे प्रवचन केले. दूध म्हणजे उपजीविका आणि लोकर म्हणजे मान, असा अर्थ लावून तो म्हणतो की दोन्ही घेण्यात दोष नाही, दोन्ही घेऊन कळपाला वाऱ्यावर सोडण्यात आहे. हे प्रवचन त्याने आपल्याच गादीवरून, आपल्याच पदाविषयी केले. थोरला ग्रेगरी ५९० साली पोप झाला, त्याने लिहिलेल्या पाळकीय नियमांच्या पुस्तकाची सुरुवातही या पदाच्या ओझ्याला माणसाने का भ्यावे इथूनच होते.

हा सगळा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन चित्रे शेजारी ठेवावीत. पहिले सीरियातल्या दुरा-युरोपोस या सरहद्दीवरच्या गावातले. तिथे एका साध्या घराचे प्रार्थनास्थळ केले होते आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. २५६च्या सुमारास सासानी फौजांनी गाव घेतले, त्याआधी काही वर्षे कुंडावरच्या कमानीखाली एक मेंढपाळ रंगवला गेला. आखूड अंगरखा, खांद्यावर मेंढरू, समोर कळप. खालच्या कोपऱ्यात आदाम आणि हव्वा लहानशा आकारात आहेत. आज ही चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. दुसरे चित्र इटलीतल्या राव्हेन्ना इथले, गाल्ला प्लासिदियाच्या स्मारकातले, पाचव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकातले मोझेइक. इथे मेंढपाळ सोनेरी अंगरखा आणि जांभळे वस्त्र ल्याला आहे. खडकावर बसून त्याने एका हाती सोन्याचा क्रूस धरला आहे आणि दुसऱ्या हाताने तो एका मेंढराच्या तोंडाला स्पर्श करतो आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन मेंढरे त्याच्याकडे पाहत आहेत. ख्रिस्त राजा आहे हे ख्रिस्ती श्रद्धेचेच विधान असल्याने दुसऱ्या चित्रात धर्मदृष्ट्या काही वावगे नाही. पण या दोन चित्रांच्या मधल्या काळात रोमचा सम्राट ख्रिस्ती झाला होता आणि बिशपांना दरबारात जागा मिळाली होती. जांभळे वस्त्र एकदा मेंढपाळाच्या अंगावर चढले की त्याच्या हाताखालच्या राखणदारांनाही आपण धनी असल्याचा भास होऊ लागतो. काही इतिहासकार लक्षात आणून देतात की खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण ही ग्रीक-रोमन कलेत आधीपासून असलेली आकृती आहे आणि रोमच्या भुयारी कबरस्तानांतला प्रत्येक मेंढपाळ ख्रिस्तच असेल असे धरून चालू नये. हा इशारा रास्त आहे. दुराचे चित्र मात्र बाप्तिस्म्याच्या कुंडावर आणि आदाम-हव्वेच्या सोबतीने आहे, त्यामुळे तिथे हरवलेला आणि शोधला गेलेला माणूसच अभिप्रेत आहे याबद्दल शंकेला फारशी जागा राहत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप असा की ही प्रतिमाच माणसाला मेंढरू करते. कांटने १७८४ साली प्रबोधनावरच्या निबंधात लिहिले होते की पालकत्व गाजवणारे आधी आपल्या जनावरांना मूढ करतात आणि मग त्यांना एकटे चालण्याची भीती घालतात. मिशेल फुको यांनी १९७८ साली पॅरिसमधल्या आपल्या व्याख्यानांत याचा माग इतिहासात काढला. एकूण कळपावर आणि त्यातल्या एकेकावर एकाच वेळी नजर ठेवणारी, अंतःकरणातले जाणून घेऊ पाहणारी, आज्ञापालन हाच गुण मानणारी पाळकीय सत्ता ख्रिस्ती चर्चने घडवली आणि आधुनिक राज्यसंस्थेने ती उचलली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चर्चच्या इतिहासाचे हे वर्णन मला बऱ्याच अंशी मान्य आहे. प्रतिमेचे वर्णन म्हणून ते अपुरे वाटते. यहेज्केल मेंढपाळांना दोषी ठरवून थांबत नाही, तो मेंढरांचाही न्याय करतो. धष्टपुष्ट मेंढरे चांगला चारा खाऊन उरलेला पायदळी तुडवतात, स्वच्छ पाणी पिऊन उरलेले गढूळ करतात, रोडक्यांना खांद्याने ढकलतात, असे तो म्हणतो. ज्यांच्यावर असा आरोप ठेवता येतो ती मूढ जनावरे नसतात, जबाबदार माणसे असतात. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरे आवाज ओळखतात आणि परक्यापासून पळतात. नवव्या अध्यायातला तो बरा झालेला माणूस हेच तर करतो. पुढारी धमकावतात तेव्हा तो त्यांचे ऐकत नाही. आणि इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना पौल त्यांना सांगतो की तुम्ही कळपाच्या आत नेमलेले आहात. राखणारा स्वतःही मेंढरूच आहे, हे फुकोंच्या मांडणीत पुरेसे येत नाही.

दुसरा आक्षेप धंद्याच्या व्यवहारातूनच येतो. मेंढपाळ मेंढरे पाळतो ती लोकर आणि मटणासाठी, मग या प्रतिमेत प्रेम कुठले? शिवाय योहानाच्या अध्यायात मोलकरी पळून जातो तो मेंढरे त्याची नसतात म्हणून. म्हणजे मालकीच चांगली, राखणदारीच वाईट, असे होत नाही का? दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. पवित्र शास्त्राला लोकर आणि मटण पुरेपूर ठाऊक आहे, यहेज्केलाचा आरोपच तो आहे. योहान त्या व्यवहाराचा क्रम उलटा करतो. त्याच्या शुभवर्तमानात मालकी सिद्ध होते ती मेंढरांसाठी प्राण देऊन. कुठलाही शहाणा धनगर कळपासाठी जीव द्यावा हे पाळण्याच्या हिशेबात बसवणार नाही, आणि इथेच ही प्रतिमा आपल्या मर्यादेबाहेर जाऊन ख्रिस्ताविषयी बोलू लागते. तरीही त्याच अध्यायात येशू म्हणतो की मेंढरे मला पित्याने दिली आहेत. ज्याने प्राण दिला तोसुद्धा कळपाला मिळालेली ठेव मानतो. मग बाकीच्या कोणाला मालकी सांगता येईल? प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात कोकराच मेंढपाळ होतो. ज्याला मारले गेले तोच राखतो, आणि वापरणारा व वापरला जाणारा हा भेद तिथे संपतो.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि त्याला उत्तर देताना आवाज चढवण्याचा अधिकार कोणा ख्रिस्ती माणसाला नाही. ही प्रतिमा खरोखर हिशेब मागणारी असेल तर चर्चमध्ये तिचा उपयोग हिशेब टाळण्यासाठी का झाला? २००२ साली बोस्टनमधली धर्मगुरूंनी केलेल्या बालअत्याचारांची प्रकरणे वर्तमानपत्राने उघड केली. २००९ मध्ये डब्लिनच्या महाधर्मप्रांताविषयी मर्फी अहवाल आला. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चौकशी केली. देश वेगळे होते, चित्र एकच होते. मुलांवर अत्याचार झाले, तक्रारी दाबल्या गेल्या, दोषी धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवले गेले, आणि संस्थेचे नाव व मालमत्ता राखण्याला अग्रक्रम मिळाला. मत्तयच्या शुभवर्तमानात हरवलेल्या मेंढराचा दाखला कुठे येतो ते इथे आठवावे. येशूने एका लेकराला मध्ये उभे केले आहे, लहानग्यांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे, अशी ताकीद दिली आहे, आणि त्याच ओघात तो दाखला सांगतो. ज्या धर्माधिकाऱ्यांनी नव्याण्णवांचा लौकिक सांभाळण्यासाठी एकाला सोडून दिले, त्यांनी हा दाखला उलटा वाचला. त्यांनी प्रतिमेचे दोन तुकडे केले. आज्ञा पाळण्याचा भाग मेंढरांना दिला आणि हिशेब देण्याचा भाग गुंडाळून ठेवला. म्हणून ही प्रतिमा टाकून द्यावी असे मला वाटत नाही. ती टाकली तर त्या धर्माधिकाऱ्यांना त्यांच्याच शास्त्रातून दोषी ठरवणारे सर्वांत धारदार वचन आपण हातचे घालवू.

उरतो तो श्रद्धावंताचा प्रश्न. मेंढपाळाकडे हिशेब मागत राहिलो तर आजारपणात, शोकात तेविसावे स्तोत्र म्हणणाऱ्याचा आधार जाणार नाही का? मला उलट वाटते. पाळकावर टाकलेला विश्वास पाळक चुकला की कोसळतो. कळप देवाचा आहे यावर टाकलेला विश्वास पाळक चुकला तरी उभा राहतो. यहेज्केलाच्या बंदिवानांना हाच आधार होता, सभास्थानातून काढलेल्या त्या माणसालाही हाच होता. दिलासा हिशेबावरच उभा आहे असे मी आरंभी म्हटले त्याचा अर्थ हा.

मग आपल्या मंडळ्यांनी काय करायचे? आपल्याकडे शाळा आहेत, इस्पितळे आहेत, पिढ्यानपिढ्या दानातून आलेल्या जमिनी आहेत, आणि बिशपांपासून पास्टोरेट कमिटीपर्यंत त्यांचे राखणदार आहेत. राखणदारांना यहेज्केलाची कलमे एकेक करून विचारली पाहिजेत. दुबळ्याला बळ दिले का? मोडलेल्याला पट्टी बांधली का? वर्गणी थांबली म्हणून जो यायचा बंद झाला त्याच्या घरी कोणी गेले का? तक्रार घेऊन आलेल्याला आत बसवून घेतले की दाराबाहेर ठेवले? आणि हे प्रश्न विचारणाऱ्या मंडळीने स्वतःलाही विचारायचे आहे की आपण पाणी गढूळ करणाऱ्या धष्टपुष्ट मेंढरांपैकी तर नाही ना. जमाखर्च सर्वांसमोर मांडणे, मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहून ठेवणे आणि पाळणे, तक्रारींची चौकशी त्रयस्थाकडे सोपवणे ही कामे कारभाराची म्हणून बाजूला सारता येणार नाहीत. पेत्राला मेंढरे सोपवणाऱ्याने ती अखेरपर्यंत आपलीच मानली. त्याच्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या मंडळीत त्याच्या वतीने हिशेब मागणे आणि हिशेब देणे हे प्रार्थनेइतकेच श्रद्धेचे काम आहे.